इंजिन नंबरशेजारचे तीन ठिपके

उत्तर न दिलेलं पत्र कालांतरानं माणूस विसरतो, अशी डॉ. हेरंब वझे यांची समजूत होती. मिरजेच्या दस्तगीर मुल्लाच्या पत्रानं सहा वर्षं ती खोटी ठरवली होती. वहीचं पान, निळं बॉलपेन, डाव्या कोपऱ्यात ऑइलचा अंगठा. मजकुराच्या मधोमध एक आकृती: एक चौकट, चौकटीत इंजिनाचा नंबर, आणि नंबरच्या उजव्या अंगाला तीन ठिपके. खाली लिहिलं होतं, 'सर, हे ठिपके आमचे आहेत. तुमच्या मशीनला ते वाचायला शिकवा. नाहीतर घात होईल.'

पत्र आलं त्या दिवशी वझ्यांनी ते दोनदा वाचलं होतं. मग पेपर तपासायच्या लाल पेन्सिलीनं समासात एकच शब्द लिहिला होता, 'हास्यास्पद'. खाली आद्याक्षरं आणि तारीख. तीस वर्षं प्राध्यापकी केलेल्या माणसाचा हात आपोआप समासाकडे जातो. कागद फाइलला लावला, फाइल कपाटात गेली, आणि कपाटापुढे पुस्तकांची एक चळत रचली गेली.

गुरुवारी सकाळी विश्रामबागेतल्या घरी ते पोहे खात बसले असताना ऋतुराज घाटग्याचा फोन आला.

ऋतुराज त्यांचा जुना विद्यार्थी. अभ्यासात बेताचा, प्रयोगशाळेत त्यानं कधी एखादं माप बरोबर घेतल्याचं वझ्यांना आठवत नव्हतं. आता तो 'नवधातू' कंपनीचा संचालक होता, आणि वझे त्या कंपनीचे मानद सल्लागार. सल्ला विचारायला कंपनीला फारसं कधी सुचत नसे. मान मात्र नेमानं दिवाळीला यायचा, सुक्या मेव्याच्या डब्यातून.

"सर, प्रणाम. काही विशेष नाही हो. तीन ओळी हव्यात."

"कसल्या?"

"अणुस्कुऱ्याचं प्रकरण कानावर असेलच तुमच्या."

ते साऱ्या जिल्ह्याच्या कानावर होतं. राजाराम चौगुले नावाच्या माणसाची वडाप जीप, म्हणजे माणशी भाडं घेणारी, अकरा माणसं घेऊन घाट चढत होती. चढावरच इंजिन जाम झालं. इंजिन बंद पडल्याबरोबर स्टिअरिंग दगडासारखं झालं, ब्रेकचा जोर गेला, आणि जीप मागे घरंगळत कठड्यावर आदळली. माणसं वाचली. राजारामचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

"आपला इंजिनदुरुस्तीचा डबा होता त्या गाडीला," ऋतुराज म्हणाला. "पण इंजिनाच्या ब्लॉकमधल्या सिलिंडरचा व्यास मूळ आराखड्याशी जुळत नाही. मिस्त्रीनं कोरून ठेवलाय. अनधिकृत फेरफार. तुम्ही तज्ज्ञ म्हणून तेवढं लिहून दिलंत की चौकशी समितीचं समाधान होईल. मिस्त्रीचा परवाना जाईल, मशीन जप्त होईल, थोडंफार कोर्टाचं होईल. आपला विषय संपला."

"मिस्त्री कोण?"

"मिरजेचा कोणी मुल्ला. म्हातारा आहे. समितीपुढं हातवारे करून ठिपके ठिपके म्हणत होता. मेंबर लोकांना हसू आवरेना. वर म्हणे, तुमच्या साहेबांना सहा वर्षांमागं पत्र टाकलं होतं. मी सांगितलं, असलं काही आमच्या रेकॉर्डला नाही. नाही ना सर?"

वझे एक शेंगदाणा बराच वेळ चावत राहिले. "मला आठवत नाही," ते म्हणाले.

"तेच म्हटलं. पुढच्या शुक्रवारी कोल्हापुरात सुनावणी आहे. शनिवारी येतो मी सही घ्यायला."

समोर बसलेली नीला, म्हणजे त्यांची बायको, वाचनालयातून निवृत्त झालेली बाई, पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "हेरंब, तुझा कान लाल झालाय."

वझ्यांचा शोध खरं तर साधा होता. इतका साधा, की तो आपल्याला कसा सुचला याचं त्यांना नवल वाटे आणि दुसऱ्या कुणाचा तरी आपण ढापला असावा अशी शंका अधूनमधून येई. गुळगुळीत दिसणारा धातू सूक्ष्मदर्शकाखाली सह्याद्रीसारखा दिसतो, नुसती शिखरं आणि दऱ्या. इंजिनात पिस्टन सिलिंडरला घासतो तेव्हा खरा स्पर्श होतो तो या शिखरांच्या टोकांचा. तेवढ्या टोकावर, क्षणाच्या लाखाव्या हिश्शापुरती, भट्टीइतकी उष्णता तयार होते आणि शिखर तुटतं. त्यालाच झीज म्हणायचं. वझ्यांनी असा कण बनवला जो ऑइलबरोबर सगळीकडे फिरेल, पण चिकटेल फक्त त्या उष्णतेत. म्हणजे जिथे घासतंय तिथेच भराव. भराव पुरेसा झाला की घासणं थांबतं, उष्णता थांबते, चिकटणंही थांबतं. इंजिन न उघडता, चालता चालता दुरुस्त होतं. द्रव पांढरट आणि दाट होता. कंपनीनं त्याला 'नवधातू' नाव दिलं. गॅरेजवाले त्याला खीर म्हणत. "खीर पाजली का गाडीला?" असं एकमेकांना विचारून हसत.

या पद्धतीनं इंजिन बरं व्हायला सहा महिने लागायचे. कंपनीला एवढा धीर कुठला. मग डबा आला. शिंगाड्याच्या पिठाच्या पुड्याएवढा डबा इंजिनाला बाहेरून चिकटवायचा. त्यातला कॅमेरा इंजिनाचा नंबर वाचे, त्या नंबरचा कारखान्यातला मूळ आराखडा शोधून काढे, ध्वनिलहरींनी सिलिंडरचा व्यास बाहेरूनच मोजे, आणि आराखड्याइतका व्यास होईपर्यंत चुंबकाच्या जोरावर कण आत रेटत राही. काम महिन्यात. भराव कुठे थांबवायचा हे आता धातू ठरवत नव्हता, डबा ठरवत होता. वझ्यांना हे पटलं नव्हतं. त्यांनी तसं एका बैठकीत सांगायचं ठरवलं होतं, बोलायची वेळ आली तेव्हा त्यांना खोकला आला, आणि पुढचा विषय सुरू झाला.

नंतर विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना लागणारा धातू मिळेनासा झाला तशी सरकारला जुन्या डिझेल गाड्यांची एकाएकी माया आली. पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक गाडीला डबा सक्तीचा झाला. डबा लावलेलं इंजिन उघडणं हा गुन्हा ठरला. इंजिनं कोरणारी, घासणारी, मापं घेणारी दुकानं भराभर बंद पडली. मिरजेत तेवीस होती, दोन राहिली. वर्तमानपत्रांनी याला क्रांती म्हटलं, वझ्यांचा फोटो छापला, आणि कंपनीनं तोच फोटो डब्यावर चिकटवला. फोटोखाली ओळ होती: 'जुन्याला नवं करणारा माणूस'. ती ओळ वाचली की वझ्यांना ओशाळल्यासारखं होई. पण ती काढा असं सांगायलाही माणसांशी बोलावं लागलं असतं.

ठिपक्यांचं प्रकरण त्याही आधीचं. डब्याला नंबर वाचायला शिकवणारी एक मुलगी पाचपन्नास फोटो घेऊन त्यांच्याकडे आली होती. "सर, जुन्या ब्लॉकवर नंबरशेजारी असे ठिपके आहेत. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. यांचं काय करू?" वझे तेव्हा एका जर्मन ग्रंथाची तळटीप वाचत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "गंज असेल. पुसून टाका." डब्याच्या डोळ्यातून ठिपके कायमचे पुसले गेले. त्यानंतर दोन महिन्यांनी दस्तगीरचं पत्र आलं होतं.

गुरुवारी दुपारी त्यांनी पुस्तकांची चळत हलवली. फाइल होती. पत्र होतं. लाल शब्दही जागच्या जागी होता.

"हे काय?" नीलानं मागून विचारलं.

त्यांनी पत्र तिच्या हातात दिलं. तिनं ते वाचलं, समास वाचला, आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुला तेव्हा कळलं नव्हतं?"

"नाही, म्हणजे तसा संदर्भ नव्हता. कारागिरांच्या खुणांवर कुठेच काही लिहिलेलं नाही. मी नंतर शोधलं पण..."

"नंतर शोधलंस म्हणजे कळलं होतं."

फाइलची नाडी बांधत वझ्यांनी ऋतुराजच्या तीन ओळींचं सांगितलं.

"मग दे लिहून तीन ओळी," ती म्हणाली. "तुझ्या अक्षराचं सगळे कौतुक करतात." आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिचा सगळ्यात मोठा राग असा असे. भांडीसुद्धा वाजत नसत.

शुक्रवारी सकाळी ते मिरजेच्या बसमध्ये बसले. का निघालो हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. ठिपके प्रत्यक्ष पाहावेत, कदाचित ते गंजच असतील, अशी एक केविलवाणी आशा मनात होती.

मुल्ला बोअरिंग वर्क्स एमआयडीसीच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये होतं. आत क्रँक घासायचं मशीन चालू होतं आणि चाळिशीची एक बाई, ओढणी कमरेला बांधून, ठिणग्यांकडे डोळे लावून उभी होती. वझे दारात उभे राहिले. मशीन थांबेपर्यंत बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. मशीन थांबेना.

"कोण पाहिजे?" तिनं न बघताच विचारलं.

"दस्तगीर मिस्त्री आहेत का? मी वझे. सांगलीहून आलोय."

तिनं मान वळवली, त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि आत हाक दिली, "अब्बा, खीरवाले आलेत."

आतून उंच, वाळलेला, पांढऱ्या दाढीचा माणूस हात पुसत आला. त्यानं एक खुर्ची पुसली, पुढे सरकवली.

"बसा सर. तुमचं तोंड रोज बघतोय डब्यावर. फोटोत केस जास्त हाईत."

"जुना फोटो आहे," वझे म्हणाले.

"यास्मिन, चा सांग." मग वझ्यांकडे वळून, "आमच्याकडं आलेल्याला चा देत्यात. कोण का असंना."

वझे खुर्चीच्या कडेला टेकले. त्यांनी विचारलं, "तो ब्लॉक इथेच आहे?"

"समितीनं सील करून माझ्याच हमीवर ठेवलाय. मलाच चोर म्हणत्यात आन् मलाच राखायला बसवत्यात. बघायचाय? बघा. हात लावू नका फक्त, तुमचीच माणसं म्हणतील मिस्त्रीनं पुरावा बिघडवला."

कोपऱ्यात पाटावर ब्लॉक होता, चार सिलिंडरचा, भोवती लाल फीत. दस्तगीरनं बॅटरीचा झोत नंबरवर धरला. नंबरच्या उजव्या अंगाला पंचनं मारलेले तीन ठिपके होते, एका रेषेत, नेटके. ज्यानं आयुष्यात एकदा तरी गंज पाहिलाय त्याला तो गंज वाटला नसता.

"इंजिन झिजलं की आम्ही सिलिंडर जरासा कोरतो," दस्तगीर सांगू लागला, वर्गातल्या ढ पोराला सांगावं तसं, सावकाश. "कोरलं की भोक मोठं हुतंय. मग मोठा पिस्टन घालायचा. एका खेपेला वीस थाऊ. थाऊ म्हंजे इंचाचा हजारावा भाग, तुमाला ठावं असंल. एका खेपेला एक ठिपका. तीन ठिपके म्हंजे साठ, दीड मिलीमीटर. त्याच्यापुढं कोरायचं न्हाई, आत लायनर, म्हंजे नवी नळी, ठोकायचा, आन् ठिपक्यांवर आडवी छिन्नी मारायची. पाटी कोरी. ह्यातला पहिला ठिपका माझा. दुसरा कराडच्या कुण्या मिस्त्रीचा, तो कोण मला म्हाईत न्हाई. जरा कलता पंच मारतोय, डावरा असावा. तिसरा परत माझा. आम्ही एकमेकांची तोंडं बघितली न्हाईत, पर मी त्याचा ठिपका वाचला आन् नेमका पिस्टन घातला. नाशकापास्नं बेळगावपर्यंत सगळे वाचत्यात. न वाचणारा एक तुमचा डबाच निघाला."

"डब्याला ती झीज वाटली," वझे पुटपुटले.

"दीड मिलीमीटर झीज? सर, दीड मिलीमीटर झिजलेलं इंजिन चालू तरी हुईल का? केसाएवढ्या झिजंला गाडी धूर मारती, ऑइल खाती. दीड मिलीमीटर म्हनल्यावर शेंबड्या पोरानं सुदीक इचारलं असतं, हे कसं काय. तुमच्यात कुणी इचारलं न्हाई?"

वझ्यांनी सिलिंडरमध्ये डोकावून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांना आता सगळं सरळ वाचता येत होतं. भिंतीवर पांढरट थर होता, पिस्टनच्या रिंगांनी तो खरवडलेला, खरवडल्यावर पुन्हा चढलेला, पुन्हा खरवडलेला. आतला पिस्टन मोठ्या मापाचा, त्यामुळे डब्याला हवा तो व्यास कधी येणारच नव्हता. औषध कमी पडतंय असं समजून डबा आणखी आणखी कण रेटत राहिला होता. सपाटीवर ते चालून गेलं. घाटात इंजिन तापलं. अॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा दुपटीनं फुगतो. दोघांमध्ये केसाएवढी मोकळी जागा असावी लागते, आणि ती जागा त्यांच्या खिरीनं भरून टाकली होती. थरावर उभे काळे ओरखडे होते. पिस्टन तिथे जाम झाला होता. त्याच क्षणी राजाराम चौगुल्यानं ब्रेकवर पाय दिला असणार. डावा की उजवा, असा एक निरर्थक विचार त्यांच्या मनात आला.

चहा आला. काचेच्या ग्लासात, गोड, चटका देणारा. वझ्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला.

"मुल्लासाहेब," ते म्हणाले, "तुमचं पत्र मला मिळालं होतं."

क्रँकचं मशीन थांबलं. यास्मिननं हातमोजे काढले.

"मग कंपनीचा माणूस समितीपुढं न्हाई म्हणला, ते?" दस्तगीरनं विचारलं.

"त्याला माहीत नाही. मी त्याला सांगितलं नाही. मी... त्या वेळी माझ्या सत्काराचं वगैरे चाललं होतं. आणि मला वाटलं, एवढी मोठी संगणकाची माणसं आहेत, त्यांच्या लक्षात आलं असेलच. मी समितीपुढे येऊन सांगेन."

"तुम्ही?" यास्मिन म्हणाली. "तुम्ही दारात पंधरा मिनिटं उभे होता. मशीनला बंद हो म्हणायचं धाडस झालं नाही तुम्हाला. तिथं चार वकील असतात."

वझ्यांचा कान पुन्हा लाल झाला. ती बोलली त्यात चुकीचं काही नव्हतं.

"तोंडी नको सर," दस्तगीर शांतपणे म्हणाला. "मी पत्र टाकलं हुतं. उत्तर पत्रानंच यायला पायजे. पोस्टाचा शिक्का पायजे त्याच्यावर, तारखेचा. मागच्या सुनावणीला राजारामच्या बायकोनं फोनातलं रेकॉर्डिंग दिलं, डबा बसवणारा पोरगा काय बोलला त्याचं. तुमचा वकील म्हणला, असलं आवाज आजकाल कुणीबी बनवतंय. खरंच बनवतंय म्हणा. फोटो बनवतंय, सही बनवतंय. समितीनं सरळ सांगितलं, शिक्क्याचा कागद आणा, न्हाईतर बोलू नका. एवढं सगळं शोध लावलंसा, आन् खरं काय ते शेवटी पोस्टातल्या लाकडी दांड्यालाच इचारायचं."

"मी शब्द देतो," वझे म्हणाले.

"तुमचा शब्द डब्यावर छापलाय की. वाचतोय रोज."

त्यांनी चहा संपवला. उठताना दस्तगीरनं खुर्ची परत जागेवर नेऊन ठेवली. दाराबाहेर सोडायला मात्र कुणी आलं नाही.

शनिवारी सकाळी ऋतुराज आला, सोबत छापून आणलेल्या तीन ओळी आणि एका इमारतीचं चित्र घेऊन.

"हे काय?"

"सरप्राइज, सर. कंपनीच्या आवारात तुमच्या नावानं ग्रंथालय. तुमची चार हजार पुस्तकं नीट काचेच्या कपाटांत, हवा नियंत्रित. मांडणी तुम्ही ठरवायची. बोर्डानं कालच मंजुरी दिली."

वझ्यांनी चित्र हातात घेतलं. उंच खिडक्या, शिडी, कोपऱ्यात वाचायला एक टेबल. त्यांच्या मनात असं टेबल गेली चाळीस वर्षं होतं आणि ते त्यांनी कुणाजवळ बोलूनही दाखवलं नव्हतं. या सुमार पोराला ते कसं कळलं? मापं घेता येत नव्हती, माणसं मात्र अचूक मोजायला शिकला होता.

"ऋतुराज, समजा ते पत्र आलं असेल तर?"

"तुम्ही त्याला उत्तर दिलंत का, सर?"

"नाही."

"मग ते आलंच नाही." तो हसला. "आणि तुमच्याकडे पुस्तकं फार. जुने कागद वाळवीला फार आवडतात."

"बोअर केलेल्या किती गाड्यांना डबे आहेत?"

"राज्यात? चाळीसेक हजार असतील."

"त्यांचं काय करणार आहात?"

"करायचं काय त्यात? डबे परत बोलावले म्हणजे चूक कबूल केल्यासारखं होईल. त्या गाड्या हळूहळू आपोआप बाद होतील."

"बाद म्हणजे?"

"म्हणजे थांबतील, सर."

"घाटात?"

ऋतुराजनं घड्याळाकडे पाहिलं. "काही सपाटीलाही थांबतील," तो म्हणाला.

वझ्यांनी चित्राची गुंडाळी केली, रबरबँड लावला आणि ती त्याच्याकडे दिली. तीन ओळींचा कागदही त्यावर ठेवला. 

"ठेवून जाऊ का? सवडीनं सही करा."

"नको. घरात वाळवी आहे."

ऋतुराज गेल्यावर ते टेबलाशी बसले. पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात अकरा संदर्भ होते आणि 'असे आढळून आले असावे', 'काही प्रमाणात दुर्लक्ष झाल्याची शक्यता नाकारता येत नाही' अशी वाक्यं होती. नीलानं तो वाचला.

"यात माणूस कुठे आहे?" तिनं विचारलं.

"माणूस म्हणजे?"

"दुर्लक्ष झालं म्हणतोस. कुणाकडून झालं? आपोआप?"

दुसऱ्या मसुद्यात त्यांनी स्वतःवर इतके आसूड ओढले की वाचताना त्यांनाच शिसारी आली. त्यात दस्तगीर कुठेच नव्हता, नुसते वझेच वझे होते. पश्चात्तापातसुद्धा या माणसाला पहिल्या पानावर आपलाच फोटो हवा होता. तोही फाडला. तिसरा पंधरा मिनिटांत झाला, वहीच्या पानावर, निळ्या बॉलपेननं.

'श्री. दस्तगीर मुल्ला यांस,

तुमचे पत्र मला सहा वर्षांपूर्वी मिळाले. मी ते त्याच दिवशी वाचले आणि मला ते समजले. ठिपके म्हणजे गंज, ते पुसा, असे मीच सांगितले होते. तुमचे पत्र आल्यावरही मी ते बदलले नाही, कारण माझी चूक उघड झाली असती. तुम्ही केलेले बोअरिंग बरोबर होते. जीप डब्यामुळे जाम झाली. ठिपके असलेल्या प्रत्येक इंजिनावरचा डबा आजच्या आज काढला पाहिजे, नाहीतर माणसे मरतील.

तुमचे मूळ पत्र सोबत परत पाठवत आहे. समासातला शब्द आणि खालची तारीख माझ्या हातची आहे. ती मी खोडलेली नाही.

हेरंब वझे'

नीलानं वाचलं, घडी घातली आणि पाकीट शोधायला गेली. मूळ पत्र आत घालताना वझे क्षणभर थांबले. हा एक कागद सोडला तर त्यांच्याविरुद्ध जगात कुठे काही नव्हतं. समासातला लाल शब्द आज त्यांना नेमका कुणाबद्दल लिहिलाय ते कळत होतं. त्यांनी पाकिटाला गोंद लावला.

पोस्टात रजिस्टरच्या खिडकीपाशी गर्दी नव्हती. आताशा कोर्टकचेरीवाले सोडले तर तिथे कुणी येत नसे. आतल्या माणसानं पाकीट तोललं, पत्ता वाचला.

"मिरजेला? इथून इथं? बसनं जाऊन देऊन आला असता तर लवकर पोचलं असतं."

"त्यांना पोस्टानंच हवंय," वझे म्हणाले.

त्यानं खांदे उडवले, लाकडी दांड्याचा शिक्का पॅडवर टेकवला आणि पाकिटावर मारला. मग पाकीट मागच्या पोत्याकडे फेकायला हात उचलला.

"थांबा," वझे म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना वाटला त्याहून मोठा आला. टेलिफोनच्या कोपऱ्यात बसलेल्या दोघांनी वळून पाहिलं. "तारीख पुसट आली आहे. वर्ष वाचता येत नाही."

"चालतं ते."

"चालत नाही. पुन्हा मारा."

तो माणूस त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला हा चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता, पण त्यात केस जास्त होते. शेवटी त्यानं पाकीट परत पुढ्यात ओढलं, शिक्का पॅडवर दोनदा दाबला आणि वैतागून जोरात मारला. वझ्यांनी खिडकीतून वाकून तारीख वाचली, महिना वाचला, वर्ष वाचलं.

"आता ठीक आहे," ते म्हणाले, आणि पाकीट पोत्यात पडलं.